काय जेवलात, विचारणारं क्लॅरिनेट

दुपारच्या झोपेवर माझी श्रद्धा आहे. देवाच्या बाबतीत मी काठाकाठाने असतो. बायको आरती म्हणते तेव्हा टाळ्या वाजवतो, तेवढंच. पण जेवून आडवं झाल्यावर मला कुणी उठवलं तर त्या माणसाला मी सहजी माफ करत नाही. शारजात तेव्हा माझ्या ऑफिसला स्प्लिट ड्यूटी होती. सकाळी आठ ते एक, मग घरी, मग पुन्हा चार ते सात. बाकीचे लोक या पद्धतीला शिव्या द्यायचे. मला तर ती शोधणाऱ्याचे पाय धुऊन पाणी प्यावंसं वाटायचं.

शहाण्णव साली आम्ही अल मजाजमध्ये, खालिद लगूनपासून दोन गल्ल्या आत, एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. मी, बायको स्मिता आणि आमची आठ वर्षांची अस्मी. पहिल्याच दुपारी पोटात आमटी-भात, वर एसीची गार हवा, डोळा लागतोय न लागतोय तोच छतातून क्लॅरिनेट सुरू झालं. एकच ओळ. वर जायची, अडखळायची, परत पहिल्यापासून. मग तीच ओळ दुसऱ्या पट्टीत. मग तिसऱ्या.

"चांगलं वाजवतोय हो कुणीतरी," स्मिता म्हणाली.

"चांगलं वाजवतोय हाच प्रॉब्लेम आहे," मी म्हटलं. "वाईट वाजवत असता तर एव्हाना झोप लागली असती."

चौथ्या दिवशी मी बनियनवर शर्ट चढवला आणि भांडायला वर गेलो. दार उघडलं ते सहा फुटी, किंचित वाकलेल्या, टकलू गोऱ्या माणसाने. मिशी भरघोस, अंगात अर्धी चड्डी, आणि घरातल्या घरात मोजे घालून वर सँडल. मी विमा कंपनीत क्लेम्स बघायचो, त्यामुळे समोरच्याला घाम फोडायची भाषा मला येत होती. ती सगळी मी वापरली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कॉफी घेणार?"

त्याचं इंग्रजी माझ्याहून तोडकं होतं, म्हणून त्याचं बोलणं मी मराठीतच सांगतो. कॉफी म्हणजे काय, तर काचेच्या ग्लासात कॉफीची पूड, तिच्यावर उकळतं पाणी, खलास. गाळणं नाही, दूध नाही. पहिल्या घोटाला तोंडात चोथा आला. परक्याच्या घरी थुंकता येईना, म्हणून चावून गिळला. तो म्हणाला, "थांबायचं असतं. खाली बसू द्यायचं." मग आम्ही दोघं तो चोथा खाली बसायची वाट बघत बसलो, आणि वाट बघता बघता माझं भांडण कुठे गेलं ते मला कळलंच नाही.

लुबोश वानेक त्याचं नाव. चेक. ब्रनो शहराजवळच्या एका लहान गावातला. बाप बेकरीत, आई पोस्टात. गावच्या ब्रास बँडमध्ये हा नवव्या वर्षापासून क्लॅरिनेट वाजवायचा, लग्नातही आणि मयतालाही. तो म्हणायचा, दोन्हीकडे लोक रडतात, फक्त लग्नात जेवण बरं असतं. पुढे एका म्युझिक स्कूलमध्ये मास्तर झाला. वीस-बावीस वर्षं दिवसा मुलांना शिकवायचा आणि शनिवारी मित्रांबरोबर एका दारूच्या तळघरात जॅझ वाजवायचा. एकेकाळी तिकडच्या सरकारी मंडळींना हे जॅझ फारसं पसंत नव्हतं, म्हणून कार्यक्रमाच्या पाटीवर 'नृत्यसंगीत' लिहायचं आणि आत हवं ते वाजवायचं. राजवट बदलली, सीमा उघडल्या. पाच जणांचा ग्रुप सहा महिन्यांच्या करारावर दुबईच्या एका हॉटेलात वाजवायला आला. सहा महिन्यांनी चौघे परत गेले. हा राहिला.

"का?" मी विचारलं.

"आमच्याकडे नोव्हेंबरात सूर्य सुट्टीवर जातो," तो म्हणाला. बायकोशी काडीमोड झाला होता, तिच्याबद्दल तो चांगलंच बोलायचा. हॉटेल दुबईत, पण राहायला शारजा, कारण भाडं निम्मं. रोज संध्याकाळी हॉटेलच्या लाऊंजमध्ये, लोक जेवत असताना, त्यांच्या गप्पांना अडथळा येणार नाही इतपत वाजवायचं. "काट्या-चमच्यांच्या मागे मी असतो," तो म्हणाला. त्याची तक्रार नव्हती. एकच गोष्ट त्याला खात होती. शिकवायला मुलं नव्हती. "वाजवणं माझा जॉब आहे," त्याने पोटावर हात ठेवून सांगितलं, "शिकवणं माझी भूक."

दुसऱ्या दिवसापासून छत गप्प झालं. मी गाढ झोपलो. आठवड्याभराने एका संध्याकाळी अस्मीला घेऊन खुबूस, म्हणजे तिथली रोटी, आणायला निघालो, तर लगूनच्या कडेला एक जुनी पांढरी गाडी उभी, काचा बंद, एसी चालू, आणि आत हा क्लॅरिनेट वाजवतोय. सीट मागे ढकललेली, मान वाकडी. माझ्या झोपेसाठी त्याने रियाज गाडीत हलवला होता. मी तिथेच थबकलो. तेवढ्यात अस्मी हात सोडून पळाली आणि तिने कान थेट गाडीच्या काचेला लावला.

लुबोशने काच खाली केली. क्लॅरिनेटवर तीन सूर वाजवले, शेवटचा वर उचललेला. मग भुवया उंचावून तिच्याकडे बघत राहिला.

"व्हॉट?" अस्मी म्हणाली.

"मी विचारलं, आज काय जेवलीस?"

"आमटी-राइस."

"तसं नाही. मी जसं विचारलं तसं."

अस्मीने जरा विचार केला आणि तोंडाने काहीतरी 'टू-डू-डूऽऽ' केलं, शेवटी एक भुर्रका मारलेला सूर. लुबोश इतका हसला की गाडी हलली. "भात कळला," तो म्हणाला, "शेवटी तू तो भुरकलास." आमटीसुद्धा कळली असं त्याचं म्हणणं होतं. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला, मला काही कळलं नाही. पण त्या शुक्रवारपासून अस्मी वरच्या मजल्यावर जायला लागली, आणि तिच्या हातात त्याचं जुनं क्लॅरिनेट आलं.

फी विचारायला स्मिता गेली. तिने आधी चौकशी करून ठेवली होती. "दुबईत चाळीस दिरहम घेतात तासाला, म्हणजे जवळजवळ चारशे रुपये झाले," असं मला ऐकवून ती वर गेली आणि येताना चेहरा खुलवून आली. फी म्हणजे शुक्रवारचं दुपारचं जेवण. त्यानंतर चार वर्षं दर शुक्रवारी आमच्या टेबलाशी हा मोजे-सँडलवाला बसला. वरणावर तूप घालून घ्यायला शिकला. अळूवडीसाठी तर त्याने आपल्या गावच्या कुठल्याशा पदार्थाला कायमचं खाली बसवलं. जेवण झालं की माझ्याकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "यल्ला, चल, साहेबांना झोपू दे." मग अस्मीला घेऊन वर जायचा, आणि मी उठेपर्यंत दोघं अगदी हळू वाजवायची.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा रोनित कीबोर्ड घेऊन आला, पाचव्या मजल्यावरची आभा व्हायोलिन घेऊन. आणखी दोघंतिघं आली. लुबोशच्या दिवाणखान्यात चटयांवर बसून यांचा बँड सुरू झाला.

त्याच्या शिकवण्याची तऱ्हाच वेगळी होती. धून सगळ्यांनी मिळून नीट वाजवायची, त्यात कुचराई चालत नसे. पण मध्ये धून मोकळी सोडायची, आणि त्या मोकळ्या जागेत एकेकाने आपल्या मनाला येईल ते वाजवायचं. कालचं आज वाजवायचं नाही. दुसऱ्याचं वाजवायचं नाही. घरून तयार करून आणायचं नाही. कुणी आणलंच, तर लुबोश रागवायचा नाही. गाल तळहातावर टेकवायचा, डोळे मिटायचा आणि घोरायला लागायचा. चांगलं मिशी हलवत, अगदी माझ्यासारखं, असं स्मिता म्हणते. पोरं हसून लोळायची आणि घोरणं ऐकावं लागलेलं पोर दुसरं काहीतरी शोधायला लागायचं.

आम्हा आईबापांना मात्र हे पचायला जड गेलं. गंमत बघा. ही सगळी माणसं शास्त्रीय गाणं ऐकणारी. गवय्याने तासभर एकच राग आळवला, प्रत्येक वेळी नवी जागा घेतली, की 'वा वा' म्हणून मान डोलावणारी. पण आपल्या पोराने काय वाजवायचं ते आधी ठरलेलं नाही म्हटल्यावर यांचे प्रश्न सुरू. सिलॅबस काय? परीक्षा कधी? सर्टिफिकेट कुणाचं? रोनितची आई शोभना मला जिन्यात गाठून म्हणाली, "अहो, मनाला येईल ते वाजवायचं तर त्याला क्लास कशाला हवा?" मी तिला लुबोशकडची कॉफी घ्यायला सांगितली.

दोन हजार सालच्या जानेवारीत लुबोश शुक्रवारी जेवायला आला आणि त्याने अळूवडीला हात लावला नाही. स्मिताने लगेच ओळखलं, काहीतरी झालंय. हॉटेलवाल्यांनी लाऊंजची मोडतोड करून नवं रूप द्यायचं ठरवलं होतं. यापुढे तिथे रेकॉर्ड केलेलं संगीत लागणार होतं. करार एप्रिलअखेर संपणार, त्याबरोबर व्हिसाही. व्हिसा देणारा दुसरा स्पॉन्सर मिळाला नाही तर बॅगा भरायच्या. सत्तावन्न वर्षांच्या क्लॅरिनेटवाल्याला कोण स्पॉन्सर करतो?

"परत जाईन," तो म्हणाला. "पण तिथे आता माझी मुलं नाहीत. माझी मुलं इथे आहेत." हे त्याने चटणीकडे बघत सांगितलं. अस्मी टेबलावरून उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. त्या दुपारी मी आडवा झालो, पण झोप आली नाही. माझ्या बाबतीत ही घटना फार मोठी आहे.

मग स्मिता कामाला लागली. आमच्या ओळखीतल्या एका भारतीय शाळेला संगीताचा शिक्षक हवा होता. प्रिन्सिपल विभावरी मॅडम. मूळच्या पुण्याच्या, आवाज खणखणीत, शिस्त अशी की त्यांच्या शाळेच्या गेटातून आत शिरताना पालकसुद्धा शर्ट खोचायचे. स्मिता त्यांना भेटून आली. मॅडम म्हणाल्या, "गोरा माणूस आहे, म्हातारा आहे, हॉटेलात वाजवतो. माझ्या मुलांना काय शिकवणार? तुमच्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला मी पाहुणी म्हणून येणारच आहे. त्यांची मुलं काय वाजवतात ते ऐकते, मग बोलू."

म्हणजे सगळं त्या पाडव्यावर आलं. पोरांनी छान वाजवलं तर लुबोश राहणार, नाहीतर जाणार. हे इमारतीत सगळ्यांना कळलं आणि तिथेच घोळ झाला.

घोळ कुणी वाईट बुद्धीने केला नाही, उलट प्रेमानेच केला. माझ्या बायकोने विचार केला, इतक्या मोठ्या दिवशी पोरीच्या मनाला ऐनवेळी काही आलंच नाही तर? लुबोशचं आयुष्य काय तिच्या मनाच्या भरवशावर सोडायचं? ती अस्मीला घेऊन गुपचूप प्रमिलाताईंकडे गेली. प्रमिलाताई मंडळाच्या पेटीवाल्या. त्यांनी पेटीवर एक झकास तुकडा बसवून दिला, मधे दोन ताना, शेवटी तिहाई, सम अगदी जागेवर. "अस्मी, हे पाठ कर. लुबोश अंकलसाठी," स्मिता म्हणाली. अस्मी म्हणाली, "आई, बट दॅट्स चीटिंग." स्मिता म्हणाली, "अंकल गेले तर चालेल का तुला?" ती पाठ करायला बसली.

आता नेमका हाच विचार दुसऱ्या मजल्यावर शोभनाने केला. हाच विचार पाचव्या मजल्यावर आभाच्या आईने केला. दोघीही गुपचूप प्रमिलाताईंकडे गेल्या. दोघींनीही कुणाला सांगू नका म्हणून बजावलं. आणि प्रमिलाताईंची तरी काय चूक? मंडळात आजवर जे झालं ते समूहगान, समूहनृत्य, समूहवादन. त्यांना वाटलं, तिन्ही पोरं मिळून वाजवणार. त्यांनी तिघांना तोच तुकडा दिला.

मी घरी असायचो, मला ऐकू यायचं. बाथरूमच्या झरोक्यातून दुसऱ्या मजल्याचा कीबोर्ड, वरून व्हायोलिन, आणि आतल्या खोलीत आमचं क्लॅरिनेट, सगळीकडे तेच. मला वाटलं, काय एकजूट आहे. उशी डोक्यावर घेऊन मी झोपून गेलो.

पाडव्याचा कार्यक्रम नंतरच्या शुक्रवारी, एका शाळेच्या हॉलमध्ये. बाहेर श्रीखंड-पुरीचे कॅटरिंगचे डबे रचलेले, आत नऊवारी आणि झब्बे. गणेशवंदना झाली, लेझीम झालं, अध्यक्षांचं भाषण झालं आणि पुन्हा थोडं झालं. विभावरी मॅडम पहिल्या रांगेत शाल-नारळ मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. आम्ही तिसऱ्या रांगेत. अस्मीने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. स्मिता तिच्यामागे पुरी घेऊन फिरली, तिने तोंड उघडलं नाही.

लुबोश झब्बा घालून आला. झब्बा माझा होता, त्याला गुडघ्याच्या बराच वर आला. पायात मोजे-सँडल. ड्रमवर त्याच्या हॉटेलातला एक फिलिपिनो मित्र. लुबोशने आपल्या गावच्या लग्नातलं एक गाणं जॅझच्या ठेक्यात बसवलं होतं. पोरांनी ते मिळून असं वाजवलं की मागच्या रांगेतल्या आज्यांचे पाय हलायला लागले. मग धून मोकळी सुटली आणि रोनित उभा राहिला.

रोनितने प्रमिलाताईंचा तुकडा सफाईने वाजवला. ताना, तिहाई, सम. टाळ्यांचा कडकडाट. शोभनाने मागे वळून आमच्याकडे बघितलं. स्मिताचा चेहरा उतरत चालला होता. "अहो," ती म्हणाली, "हे तर आपलं आहे."

आभा उभी राहिली. व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. तीच तान, तीच तिहाई. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, त्यांना काय. पण मी लुबोशकडे बघत होतो. त्याने सावकाश गाल तळहातावर टेकवला आणि डोळे मिटले. घोरला नाही. नुसता तसाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण तो एकदम म्हातारा दिसायला लागला. मला फार वाईट वाटलं. या माणसाची एकच भूक होती, आणि आम्ही त्याच्या ताटात पाठांतर वाढलं होतं.

आता अस्मीची पाळी. ती उठली. क्लॅरिनेट ओठाला लावलं. ड्रमवाला ठेका देत होता, एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. आवाज नाही. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. "वाजव ना गं, पाठ आहे तुला," स्मिता पुटपुटत होती आणि माझं मनगट इतकं दाबत होती की घड्याळ रुतलं. अस्मीने आईकडे पाहिलं, मग लुबोशकडे पाहिलं. तिच्याजवळ जे होतं ते दोनदा वाजवून संपलं होतं. विभावरी मॅडमनी मांडीवरचा नारळ बाजूच्या खुर्चीवर ठेवला. मला वाटलं, या आता उठून जाणार.

तेवढ्यात लुबोशने गालावरचा हात काढला. आपलं क्लॅरिनेट उचललं आणि तीन सूर वाजवले. शेवटचा वर उचललेला.

मी ते तीन सूर चार वर्षं छतातून ऐकले होते. त्या हॉलमध्ये लुबोश आणि पोरं सोडली तर बहुधा मला एकट्यालाच कळलं की तो विचारतोय, आज काय जेवलीस?

अस्मीचे डोळे मोठे झाले. मग तिने क्लॅरिनेटच्या अगदी तळातून एक लांब, खरखरीत, गुरगुरणारा सूर काढला. उपाशी पोटात गुडगुड व्हावी तसा. लुबोशला हसू फुटलं, ते क्लॅरिनेटमधूनच फुटलं. त्याने पुन्हा विचारलं, जरा रागावून. काहीच नाही? तिने पुन्हा गुडगुड केली, आता ठेक्यात, पुढे एक लाडिक वळण देऊन. मग त्याने काहीतरी सुचवलं, तिने नाक मुरडलं. त्याने दुसरं सुचवलं, तिने एक सूर असा संथ, घट्ट, घरंगळत खाली आणला की माझ्या बाजूचे गृहस्थ, ज्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, ते बायकोला म्हणाले, "भूक लागली बुवा, श्रीखंड कधी वाढणार आहेत?"

मग रोनितला राहवलं नाही. त्याने मध्येच कीबोर्डवर तीन फुगलेल्या पुऱ्या टाकल्या. हे पाठ केलेलं नव्हतं. आभाने वरून तुपाची धार धरली. पोरं एकमेकांकडे बघून हसत होती, वाजवत होती. ड्रमवाला उभा राहिला होता, आणि लुबोश आखूड झब्ब्यात त्यांच्यामध्ये नाचत होता. धून परत आली तेव्हा सगळा हॉल उभा होता. मी रडत होतो. स्मिताने विचारलं तेव्हा मी मनगटाचं कारण सांगितलं.

रंगमंचाच्या मागे आम्ही पोचलो, त्याच्या आधीच विभावरी मॅडम तिथे उभ्या होत्या. स्मिता धापा टाकत पुढे झाली. "मॅडम, चूक आमची आहे. त्यांची नाही. आम्ही मुलांना पाठ करायला लावलं. त्यांना माहीतसुद्धा नव्हतं."

"माझी अर्धी हयात पेपर तपासण्यात गेली," मॅडम म्हणाल्या. "कॉपी मला लांबून दिसते. पहिल्या दोघांनी एकच लिहिलं होतं." रोनित आणि आभा खाली बघायला लागले. "तू का नाही केलीस गं?" त्यांनी अस्मीला विचारलं.

"मॅम, दे हॅड ऑलरेडी सेड इट," अस्मी म्हणाली. "इट वॉज ओव्हर."

"आणि मग जे वाजवलंस ते कुठल्या पुस्तकातलं? परत वाजवशील?"

"आय कान्ट, मॅम. इट्स गॉन."

मॅडम लुबोशकडे वळल्या. त्याने घाम पुसत, तोडक्या इंग्रजीत, खरं ते सांगून टाकलं. "मी विचारलं, काय जेवलीस. ती म्हणाली, काही नाही."

मॅडमनी अस्मीकडे नीट पाहिलं. मग स्मिताला म्हणाल्या, "आधी या पोरीला खायला द्या." आणि लुबोशला म्हणाल्या, "मिस्टर वानेक, माझ्या शाळेत मुलांना दिवसभर प्रश्न विचारतात. बाराशे मुलं आहेत आणि सगळ्यांची उत्तरं एकसारखी येतात. शनिवारी पासपोर्ट घेऊन या."

"इन्शाल्ला," लुबोश म्हणाला.

"इन्शाल्ला नाही. आठ वाजता," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी आपला नारळ त्याच्या हातात ठेवला. त्याचं काय करायचं ते त्याला कळेना, म्हणून तो त्याने हलवून आत पाणी वाजतंय का ते ऐकलं.

शनिवारी तो आठ वाजता गेला, मोज्यांवर बूट घालून. त्यानंतर साडेतीन वर्षं त्याने त्या शाळेत शिकवलं. परीक्षेचा सिलॅबसही शिकवायचा, मॅडमना दिलेला शब्द होता तो. पण शेवटचा अर्धा तास प्रश्नांचा. मॅडम म्हणे त्या वेळी राउंडच्या निमित्ताने वर्गाबाहेर रेंगाळायच्या. एकदा एका मुलाने आदल्या दिवसाचंच उत्तर वाजवलं तेव्हा वर्गाच्या आतून आणि बाहेरून एकदमच घोरण्याचा आवाज आला, असं मुलं शपथेवर सांगत. मी मॅडमना ओळखतो, माझा विश्वास बसत नाही. पण बसावा असं वाटतं.

साठी उलटली तसा व्हिसा आणखी वाढेना. लुबोश परत गेला. पांढरी गाडी त्याने ड्रमवाल्याला दिली, जुनं क्लॅरिनेट अस्मीकडे राहिलं आणि गाळणं नसलेली कॉफी स्मिताकडे. ती अजून तशीच करते. अस्मी काही संगीतकार झाली नाही, पुढे इंजिनीअरिंगला गेली. पण तिच्या मार्कांवर बोलणाऱ्या नातेवाइकांना ती जी उत्तरं देते ती कुठे पाठ केलेली नसतात एवढं मी खात्रीने सांगतो. स्मिता गाण्याच्या भिशीत हल्ली चालीत मध्येच मनाचं काहीतरी घालते. प्रमिलाताई पेटी थांबवून बघत राहतात, मग हसून पुढे जातात.

दर पाडव्याला लुबोशचा फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही. तीन सूर, शेवटचा वर उचललेला. पहिल्या वर्षी अस्मीने रिसीव्हर टेबलावर ठेवून क्लॅरिनेटवर उत्तर दिलं. दुसऱ्या वर्षी तिची परीक्षा होती, म्हणून स्मिताने गाऊन दिलं. श्रीखंडाचा तो संथ सूर आणि पुढे दोन पुऱ्या. पलीकडून शाबासकीचा लांब सूर आला आणि ती दिवसभर लाजत होती.

तिसऱ्या वर्षी मायलेकी बाहेर गेल्या होत्या. दुपारची वेळ. मी जेवून आडवा झालो होतो आणि फोन वाजला. दुसरं कुणी असतं तर मी काय बोललो असतो ते सांगत नाही. उचलला, तर तीन सूर. मी जन्मात गायलेलो नाही. आरतीला टाळ्या वाजवणारा माणूस मी. पण तिकडे तो भुवया उंचावून थांबला असणार, हे मला इथून दिसत होतं. मी घसा साफ केला आणि गेल्या वर्षी स्मिताने गायलं होतं तेच, आठवेल तसं, गाऊन टाकलं. श्रीखंड, दोन पुऱ्या.

पलीकडून चांगलं मिशी हलवत, लांबलचक घोरणं.

मी उठून बसलो. आज खरंच काय जेवलो होतो ते आठवायला लागलो.